पाय – ठीक

३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची. दोन बॅगा, एक गादी, इन्सुलिनचा डबा आणि मी. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना अरुंद, पण उजेड भरपूर. खिडकी उघडली की समोरच कारखान्याचं फाटक. मोजून दीडशे पावलं. आयुष्यभर कामाला जायला दोन दोन बस बदलल्या, आता म्हातारपणाच्या दारात ही चैन.

ही वही लेकीनं दिली आहे. रोज सकाळी साखर लिहायची आणि आरशात तळपाय बघून ते कसे आहेत तेही लिहायचं, अशी तिची अट. लांब दांड्याचा आरसासुद्धा बॅगेत कोंबला होता. मी म्हटलं, एकावन्न वर्षं जे पाय मला न विचारता चालतायत, त्यांचं तोंड आता रोज कशाला बघू? ती हसली नाही. चौदा वर्षांची साखर, तळव्यांचा बधिरपणा, डॉक्टरांनी टाचणी टोचली तरी मला कळलं नव्हतं ते, सगळं तिनं पुन्हा ऐकवलं. एवढीशी जखम दिसली तरी त्याच दिवशी दवाखाना, असं माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. म्हणायला माझं काय जातं, म्हटलं.

आरसा कपाटावर ठेवलाय. काढायचा तर स्टूल लागेल.

साखर १६२. पाय – ठीक.

५ फेब्रुवारी

कारखाना म्हणजे खरं तर मोठी कार्यशाळाच आहे. चोवीस माणसं, हातानं जोडे बनवतात. मी वरच्या चामड्याच्या शिलाईला. माझ्या शेजारच्या मशीनवर जी बाई बसते तिचं नाव कुणी घेतच नाही, सगळे तिला बडबडी म्हणतात आणि तिलाही ते चालतं. पहिल्या तासात तिनं मला मालकाच्या पोटदुखीपासून मांजरीच्या बाळंतपणापर्यंत सगळं सांगून टाकलं.

इथली एक रीत मला फार आवडली. नवीन माणूस आलं की मिस्त्री त्याच्या पायांचं माप घेऊन लाकडाचे दोन साचे कोरतो, डावा आणि उजवा, हुबेहूब. त्या साच्यांवर आपण आपले जोडे स्वतः शिवायचे. कामावर तेच घालायचे. संध्याकाळी निघताना ते साच्यांवर चढवून मागच्या खोलीत आपल्या खुंटीला टांगायचे, म्हणजे आकार धरून राहतात. नोकरी सोडली की साचे तुमचे, घरी न्या.

मिस्त्री साठीचा असेल. मोजकं बोलतो, लंगडत चालतो. माझा डावा तळवा त्यानं बराच वेळ हातात धरून ठेवला, अंगठ्याखाली दाबून बघितलं आणि लागतंय का विचारलं. मी म्हटलं, अहो मिस्त्री, दाबताय कधी? त्यावर त्यानं माझा पाय अलगद खाली ठेवला.

साखर १७०. पाय – ठीक.

९ फेब्रुवारी

जोडे झाले! माझ्या हातचे, माझ्या मापाचे, तपकिरी. दिवसभर घातले आणि पायात काही आहे हेच विसरले. इतकी वर्षं दुकानातले जोडे घालून मी पायांना नुसती शिक्षाच दिली. बडबडीनं शिलाई ओढून बघितली आणि म्हणाली, ही तुझ्या नातवंडांच्या काळापर्यंत उसवायची नाही. माझ्या शिलाईची तारीफ कुणी केली की मला अजूनही शाळेतल्यासारखं होतं.

मागच्या खोलीत खुंट्यांच्या पाच ओळी आहेत. माझी दुसऱ्या ओळीत, अठरा नंबर. पाचव्या ओळीत मात्र सगळे साचे एकेकटेच आहेत. जोडी नाहीच. कुठं नुसता डावा, कुठं नुसता उजवा. बडबडीला विचारलं तर ती चक्क गप्प बसली. ही बातमी लेकीला कळवायला हवी.

साखर १८१. पाय – ठीक.

१२ फेब्रुवारी

आज जोडे उतरवायला गेले तर माझ्या डाव्या साच्याला अंगठ्याखाली चामड्याची एक गोल चकती ठोकलेली. कुणाच्या पायाला घट्टा किंवा उंचवटा असला की साच्याला तिथं चकती ठोकतात. रात्रभर जोडा त्यावर ताणला जातो आणि तेवढी जागा होते. पण माझ्या पायाला उंचवटा नाही. मिस्त्रीला म्हटलं, माझ्या साच्याला न विचारता हात लावायचा नाही. त्यानं शपथेवर सांगितलं की चकती त्यानं ठोकली नाही. मग काय, साच्यानं स्वतःच ठोकून घेतली?

जोडा मात्र अजूनच मऊ लागतोय.

साखर १९४. पाय – ठीक.

१४ फेब्रुवारी

दुपारी डबा खायला बसले होते. बडबडी म्हणाली, तुझ्या मोज्याला काय लागलंय? रक्त. जोडा उलटा करून बघितला तर तळातून बारीक खिळ्याचं टोक वर आलेलं. अंगठ्याखाली, चकतीच्या बरोबर जागी. सकाळपासून मी त्यावर उभी होते आणि मला पत्ता नाही.

बडबडीनं दवाखान्यात चल म्हणून हात धरला. मी हात सोडवून घेतला. एवढ्याशा भोकासाठी अर्धा दिवस बुडवून रांगेत बसू? खिळा ठोकून आत बसवला, पाय धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली. दुखत तर काडीचं नाही. मी काही काचेची बाहुली नाही, हे मी तिला चार जणांसमोर ऐकवलं. जरा जास्तच बोलले.

साखर २१०. पाय –

लिहू की नको म्हणून थांबले होते. पण लेक महिन्याच्या शेवटी येऊन वही बघणार. तिला उगाच घोर.

ठीक.

१५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. पाय बघितलेस का? बघितले. आरशात? आरशात. ती म्हणाली, आई, तू खोटं बोलतेस तेव्हा फार थोडक्यात बोलतेस. मी चिडून फोन ठेवला.

मग स्टूल घेऊन आरसा काढला. पट्टीखाली भोकाभोवती लाल झालंय. बटणाएवढं. उद्या बघू.

साखर २३८. पाय – ठीक.

१७ फेब्रुवारी

साच्याला आता तीन चकत्या. एकावर एक.

पाय सुजलाय, हे खरं आहे. घरातल्या चपलेत मावत नाही. पण जोड्यात मावतो! सुजेल तेवढी जागा जोड्यात आदल्या रात्रीच तयार असते. म्हणून आज जोडे घालूनच घरी आले. दुसरं काही पायात जातच नाही.

मिस्त्रीला कोपऱ्यात गाठलं आणि सोडलंच नाही. आधी आढेवेढे घेतले, मग बोलला. पाचव्या ओळीतली माणसं नोकरी सोडून गेली नव्हती. त्यांचा एकेक पाय गेला. सगळ्यांना साखर. कुणाला खिळा, कुणाला फोड, कुणाचं नख कापताना लागलं. सगळ्यांच्या साच्यांना अशाच चकत्या येत गेल्या आणि कुणाचा जोडा शेवटपर्यंत कुठं लागला नाही. लागला असता तर वेळेवर गेले असते, असं तो म्हणाला. आम्ही जोडेवाली माणसं. आमची खोड अशी की जोडा चावला तरच पाय बघायचा. जोडा नीट बसतोय ना, मग पायाला काय धाड भरलीय.

मग त्यानं विजारीची डावी बाजू गुडघ्यापर्यंत वर केली. खाली लाकूड. स्वतः कोरलेलं. अकरा दिवस तो उद्या जाईन म्हणत राहिला होता. त्यानंतर त्या ओळीतले साचे त्यानं एकदा जाळलेसुद्धा. सकाळी पुन्हा खुंटीवर.

मी म्हटलं, मिस्त्री, भुताच्या गोष्टी मला नका सांगू. आणि रागानं निघून आले. राग कुणाचा आला ते मलाही कळलं नाही.

साखर २६७. पाय – ठीक.

१९ फेब्रुवारी

माझा डावा साचा पाचव्या ओळीत होता.

मी तो काढून अठरा नंबरला टांगला. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा पाचव्या ओळीत. पुन्हा काढला. लाकूड अंगठ्याखाली मऊ लागलं. बोट आत गेलं. बाहेर काढलं तर ओलं. वास आला.

दिवसभर मला तो वास चामड्याचा वाटत होता. तो चामड्याचा नाही.

त्या खोलीत उभी राहून मी मोठ्यानं सांगितलं, की हा पाय माझा आहे, माझ्या आईनं दिलेला आहे, तुमच्या खुंटीचा नाही. बोलून बरं वाटलं. साचा तिसऱ्यांदा जागेवर ठेवला आणि दोरीनं करकचून बांधला.

उद्या सकाळी दवाखाना. नक्की.

साखर ३०५. पाय –

२० फेब्रुवारी

सकाळी वही उघडली. काल अर्धवट सोडलेल्या ओळीपुढे लिहिलेलं आहे – ठीक.

माझंच अक्षर. ‘ठ’चं पोट मी डावीकडे फुगवते, तसंच.

पान उलटलं. आजची तारीख, पाय – ठीक. पुढचं पान, उद्याची तारीख, पाय – ठीक. परवा. तेरवा. शेवटच्या पानापर्यंत. मी लिहिलेलं नाही. पण मग विचार केला – आधीचं तरी मी बघून कुठं लिहिलं होतं? सतरा दिवसांत एकदाच बघितलं, तेव्हाही ठीकच लिहिलं. कुणीतरी माझ्याकडून शिकलं.

दवाखान्यात गेले नाही. कामावर गेले. का गेले सांगता येत नाही. निघाले होते दवाखान्याकडे – डावीकडे वळायचं होतं – पाय उजवीकडे वळले. दीडशे पावलं. मी मोजत होते.

थंडी वाजतेय. भर दुपारी. साखर बघितली नाही.

२१ फेब्रुवारी

घाईत लिहितेय. गाडीत. वही तेवढी कमरेला खोचून आणलीय. अक्षर वाकडं येणार.

सकाळी जोडा निघेना. झोपतानाही घातलेला होता. नाडी सुटत नव्हती. पोटरीवर लाल रेघ – घोट्यापासून वर. काल नव्हती. अंग तापलेलं. आणि पाय – दुखत नव्हता. अजूनही नाही. एवढं सगळं होऊन एकदाही दुखला नाही.

फाटकापर्यंत गेले. मिस्त्रीला हाक मारायची होती, गाडी बोलवा म्हणून. डावा पाय मागच्या खोलीकडे ओढायला लागला. माझा पाय, मला जाणवत नसलेला, मला घेऊन चालला. पाचव्या ओळीत माझा साचा. बांधलेली दोरी खाली पडलेली. त्याच्या शेजारी कुणाचाही न राहिलेला एकेक लाकडी पाय, सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळलेली.

मी खाली बसले. मुद्दाम. बसलेल्या बाईला एक पाय किती ओढणार? बडबडीच्या नावानं बोंब ठोकली. ती आली, हातात कातडं कापायची रापी घेऊनच आली. बडबड नाही, प्रश्न नाही. मी रापी घेतली आणि जोड्याची शिलाई कापायला लागले. सुटेना. माझीच शिलाई. नातवंडांपर्यंत टिकणारी. एकेक टाका – माझा मीच शिवलेला – एकेक टाका तोडला. शिव्या देत तोडला. मला इतक्या शिव्या येतात हे मला माहीत नव्हतं.

जोडा उघडला तेव्हा बडबडीनं तोंड फिरवलं. तिच्या मागोमाग आलेल्या मिस्त्रीनं नाही. त्यानं नीट बघितलं आणि म्हणाला, आत्ता. डबा राहू दे, पर्स राहू दे, आत्ता. लेकीला त्यानंच फोन लावला. मी तिला सांगितलं, मी खोटं बोलले. ती म्हणाली, निघाले.

दवाखाना दिसतोय. उतर

२२ फेब्रुवारी

अंगठा काळा पडलाय. शेजारचं बोटही. हाडापर्यंत गेलंय की नाही ते एक्स-रेमध्ये बघतायत. डॉक्टरीण तरुण आहे, लेकीच्या वयाची. तिनं विचारलं, खिळा लागून सात दिवस झाले, सात दिवस काय करत होतात? काय सांगू? जोडा नीट बसत होता, असं सांगितलं. ती म्हणाली, त्याच दिवशी आला असतात तर धुऊन, गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं. अजून दोन दिवस उशीर झाला असता तर गुडघ्याखालचं काही सांगता आलं नसतं.

दोन बोटं जातील. पाय राहील, असं म्हणाली. मी म्हटलं, घ्या दोन बोटं. तिसरं मागितलं तर भांडेन. ती हसली. मी नाही हसले. खूप रडले, लेक पोचेपर्यंत. ती आल्यावर दोघी रडलो.

२५ फेब्रुवारी

दोन बोटं गेली. पाय आहे. पांघरुणाखाली त्याचा उंचवटा दिसतो, तो सारखा बघते. ताप उतरला. सलाईनमधून औषध चालू. दिवसभर उताणी पडून असते, हलायचं नाही म्हणतात. साखर १७६, नर्सनं लिहिली.

वहीतली पुढची पानं लेकीला दाखवली. तिला ती कोरी दिसली. बरं. पेन घेऊन मी प्रत्येक पानावरचं ‘ठीक’ खोडून काढलं. एकवीस पानं. तिला वाटलं तापाचा असर आहे. वाटू दे.

२७ फेब्रुवारी

दुपारी मिस्त्री आला, कापडात गुंडाळलेले माझे साचे घेऊन. भिंतीवर ठेवायला मन धजेना म्हणाला, घरी न्या. मी म्हटलं, नोकरी सोडलेल्यांना देतात ना साचे? मी सोडलेली नाही. डाव्याची दोन बोटं कापा, दुसऱ्या ओळीत टांगा, मी येतेय. त्याचे डोळे भरले. लेक त्याला सोडायला खालपर्यंत गेली आहे.

कापड सोडून बघतेय. डावा साचा कोरडा आहे, कडक. एकही चकती नाही. पाचवी ओळ हरली!

उजवा –

उजव्या साच्याच्या टाचेला चकती आहे. नवी. चामड्याचा वास अजून ताजा.

उजवी टाच. सहा दिवस गादीवर टेकलेली. मला कळायचं काही कारणच नाही. तिकडे कुणीच बघितलं नाही – सगळे डाव्याकडे –

लेकीनं आणलेला आरसा उशाशी आहे. बघितलं. टाचेवर काळसर फोड. रुपयाएवढा.

नर्सला हाक मारली. ती दारातून म्हणाली, आजी, संध्याकाळच्या ड्रेसिंगला बघू.

संध्याकाळ नाही. मी सात दिवस ‘बघू’ केलंय. संध्याकाळ नाही. बेल दाबली. वाजत नाही की काय – पुन्हा –

वहीवर खालची ओळ आपोआप येतेय. पाय – ठी

खोडली. पाय – ठीक नाही. हे मी लिहितेय, मी. उजवी टाच ठीक नाही. बेल दोन्ही हातांनी दाबायला हवी, तर पेन हाताला सोडत नाहीये. बरं. धर हात. तोंड तर माझं आहे ना. सगळा वॉर्ड उठवते आता. अहो नर्सबाई, इकडे या. डॉक्टरांना बोलवा. आत्ता, संध्याकाळी नाही, उद्या नाही, आत्ता, पाय – ठी – नाही, पाय ठीक ना